बोटभर कोरी जागा

हारूनचा स्वभावच संशयी. बायकोने कॉफीच्या टरफलांचा काढा पुढे ठेवला तरी आधी वास घेणार, मग घोट. पोथ्या तपासणाऱ्या माणसाला हा दुर्गुण शोभतो, म्हणून वस्तीत त्याचं निभावलं. पण या खेपेला त्याचा संशय थेट जखऱ्या गुरुजींवर गेला. ज्यांनी बोरू धरायला शिकवलं त्यांच्याविषयी असं मनात यावं, याची त्याला लाजही वाटत होती.

जखऱ्या चाळीस वर्षं संदेष्ट्यांची वचनं उतरवत आले होते. सना शहरापासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या त्या येमेनी डोंगरातल्या ज्यू वस्तीत छापील पुस्तक कुणी पाहिलं नव्हतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सभास्थानात यिर्मया संदेष्टा वाचला जाई तो यांच्याच हातचा. नियम एकच, पण कडक. मूळ पोथी समोर उघडी हवी; शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, मगच लिहायचा. आठवणीतून एक अक्षरही नाही. तसं लिहिलेलं पान कितीही बिनचूक असलं तरी पुरून टाकायचं.

दरीपलीकडच्या वस्तीसाठी यिर्मयाची नवी पोथी चालली होती. कागदावर दाबून आखलेल्या रेघा चाचपत गुरुजींची बोटं सरकायची, बोरू कुठे म्हणून थांबायचा नाही, आणि नजर मात्र पोथीच्या पलीकडे कुठेतरी. हारूनला हे काही पटेना; गुरुजी आठवणीतून तर लिहीत नाहीत?

एका दुपारी गुरुजी हात धुवायला उठले तशी त्याने पोथी फिरवून उलटी ठेवली. गुरुजी येऊन बसले आणि लिहू लागले. ओळ पुरी झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, पोथी उलटी आहे."

"असू दे. लहानपणी सात जणांत एक पोथी होती आमच्यात. मी कायम पोथीच्या पलीकडच्या बाजूला बसायचो. मला उलटंच नीट वाचता येतं."

यात खोटं काही नव्हतं, निम्मी वस्ती तशीच वाचायची. हारूनचं तोंड एवढंसं झालं. दारातून गुरुजींची बायको हमामा म्हणाली, "त्यांची जागा हवीय तर सरळ माग की बाबा. पोथ्या कशाला फिरवतोस?"

टोमणा झोंबला, कारण जागा हवी होती की नाही हे त्याचं त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. पण संशय काही जाईना. लिहून झालेली सहा पानं घरी नेऊन दोन दिवस तो मुळाशी ताडत बसला. एकही चूक नाही. पाचव्या पानावर मात्र त्याचं बोट थबकलं. मूळ पोथीला तिथे कसर लागून भोक पडलं होतं, दोन शब्द गेले होते. अशा ठिकाणी दुसरी पोथी मिळेपर्यंत जागा कोरी सोडायची. गुरुजींच्या पानावर ते दोन्ही शब्द ठसठशीत होते.

चोरी सापडली होती.

"गुरुजी, इथे भोक आहे," त्याने जाऊन सांगितलं. "हे शब्द कुठून आले?"

 पोथीच्या पानावरून हात फिरवत जखऱ्यांनी विचारलं, "कुठेय भोक?"

हारूनने त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं.

"या हिवाळ्यापासून पोथीतलं दिसत नाही रे. पण सगळं पाठ आहे. एक तरी चूक सापडली?"

"नाही. पण उद्या एखादा शब्द चुकाल, पलीकडचे ती चूकच उतरवून घेतील, आणि यिर्मया खरं काय बोलला ते कुणालाच कळणार नाही. हे तुम्हीच शिकवलंत."

सहाही पानं गुरुजींनी स्वतःच्या हाताने सभास्थानामागच्या खड्ड्यात ठेवली. आता बोरू आपल्याकडे येणार, असं हारूनला वाटलं. पण गुरुजींनी घरी येऊन बोरू तासला. "बस, वाच," ते म्हणाले. "यिर्मयाने तरी कुठे लिहिलं? तो बोलत गेला, त्याचा लेखनिक बारूख लिहीत गेला. दुसऱ्याने पोथीत बघून वाचून दाखवलेलं चालतं."

हारून रोज वाचू लागला, तरी बोरू आवाजाच्या पुढे धावतोय का यावर त्याचा डोळा होताच. पाचव्या पानावर भोक आलं तेव्हा तो मुद्दाम काही न सांगता थांबला.

बोरूही थांबला. दोन्ही शब्द म्हाताऱ्याला पाठ होते. त्यांनी कागदावर बोट आडवं ठेवलं, तेवढी जागा मोजून सोडली आणि बोरू पलीकडे नेला.

"हं, पुढे," ते म्हणाले.

हारूनला पुढचा शब्द वाचायला जरा वेळ लागला.