स्वच्छ पाण्यात उठलेली टेकडी

नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. खजराण्याच्या गणपतीलाही नाही, आणि त्याच्याशी तर मी भाजीच्या भावापर्यंत सगळं बोलते. आज पहिल्यांदाच तोंड उघडतेय. बसा, भिया — आमच्या इंदुरात भावाला भियाच म्हणतात.

परवा नात एक यंत्र घेऊन आली. काडेपेटीएवढं. थेंबभर पाणी टाकलं की त्यात शिसं आहे का ते मोबाइलवर दिसतं. "आजी, हात नको लावू हं!" म्हणाली. मी हसले — आणि आत जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावत बसले.

कारण हेच काम मीही करायचे. पोलोग्राउंडमागच्या एका छोट्या लॅबमध्ये, मी आणि सुमती. तेव्हाचं यंत्र कपाटाएवढं! पाण्यात एक बारीक कांडी — इलेक्ट्रोड — बुडवायची, वीज सोडायची. शिसं असलं तर कांडीला चिकटतं, आणि सुटताना कागदावरची रेघ टेकडीसारखी उठते. कांडी घासून-पुसून लावणं माझ्याकडे. बाकी सगळं सुमतीकडे. तिच्या लुनावर मागे बसून, मांडीत बाटल्या धरून छत्रीबागेतल्या विहिरींचं पाणी आणायचं, वाटेत पोहे खायचे. "येडे, बाटली सांभाळ, पोहे नंतर!" — असं मला पुन्हा कुणी ओरडलं नाही. अजूनही प्लेट हातात आली की कान तिकडेच लागतात.

तर — मी. नवी नवरी. सासूबाई म्हणायच्या, कुंकू पुरे; पण बाईसाहेबांना हिरोइनसारखा भांगभर सिंदूर हवा! बाजारातला, भडक. तासातासाला लॅबच्या काचेत बघायचं, बोटाने भांग ठीक करायचा. काय नमुना होते! एमएस्सी झालेली, आणि असल्या सिंदुरात शिसं असू शकतं हे डोक्यात येऊ नये? त्या दिवशी तर लॅबमधून थेट लग्नाला जायचं होतं, म्हणून दुप्पट भरला होता.

त्याच दिवशी छत्रीबागेतल्या एका विहिरीच्या पाण्यात टेकडी उठली. सुमतीने सहीनिशी लिहून दिलं. विहीर बंद झाली. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन लांब जाऊ लागल्या. मग दुसऱ्या लॅबने तपासलं — शिसं नाहीच! लॅबचे सर म्हणाले, सुमतीने बाटल्या धुतल्या नसणार, तिच्या हाताला सफाईच नाही.

सोमवारी लॅबमध्ये मी एकटी होते. भांग ठीक केला, कांडी लावली, आणि सहज नुसतं डिस्टिल्ड पाणी तपासलं. टेकडी. साबणाने हात घासले, कांडी घासली, पुन्हा तपासलं. रेघ सपाट.

मी दोन्ही कागद फाडून टाकले.

सुमतीला काढलं शुक्रवारी. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो, भिया? मला चार दिवस मिळाले होते.

इंदूर सोडण्याआधी ती घरी आली. चहा घेतला नाही. दारातच म्हणाली, "तू तर रोज बघायचीस. धुवायचे ना गं मी बाटल्या नीट?"

मी म्हटलं, "राहिलं असेल गं काहीतरी."

"हो. असेल राहिलं," ती म्हणाली, आणि स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघत राहिली.

मी माझे पदराखाली घेतले.