कॅमेऱ्याकडे पाहू नये

नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर अमेरिकेत, पिस्कॅटवेला राहत असताना, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी कम्युनिटी कॉलेजात व्हिडिओ संकलनाचा वर्ग लावला. माझ्या जोडीला घानाची एक नर्स आली. सहा वर्षांनी गावी जाऊन ती चार टेप भरून चित्रण घेऊन आली होती. हॉस्पिटलात सगळे तिला दुष्काळाबद्दलच विचारत. त्यांना आपली बडबडी आई दाखवायची, एवढाच तिचा हेतू होता. चित्रण तिचे, संकलन माझे, असे ठरले. माझ्या हळू बोलण्यावरून ती चिडवत असे. तुला वॉर्डात नेलं तर पेशंट गोळीवाचून झोपतील, म्हणायची.

सरांचा नियम होता : पडद्यावरील माणसाने कॅमेऱ्याकडे पाहू नये, पाहिले की ते दृश्य कापावे. नियम पाळण्यात मी शाळेपासून पटाईत. तिच्या टेपमध्ये मात्र जो तो कॅमेऱ्याकडेच पाहत होता. एक बाई बोट नाचवून रागावत होती, एक गृहस्थ कॉलर नीट करत काही विचारत होते, पोरे दात दाखवत होती. भाषा मला येत नव्हती आणि फोन करून विचारण्याचा संकोच वाटला. मी ते सगळे कापले. उरली विहीर, शेळ्या, तांबडा रस्ता आणि पाठमोरी चालणारी एक म्हातारी.

वर्गात फिल्म दाखवली. खरी आफ्रिका दिसली, असे सर म्हणाले. फिल्म कॉलेजतर्फे चित्रपट महोत्सवाला पाठवायचेही त्यांनी तिथेच ठरवले.

जिन्यापाशी तिने मला गाठले.

"माझी आई कुठाय?"

"रस्त्यावरून चाललीय ना, ती."

"ती शेजारीण आहे. आई माझ्याशी बोलत होती. कॅमेऱ्यामागे मी होते."

मी तिला नियम सांगितला. तेव्हा मला वाईट वाटले असे लिहिणे खोटे ठरेल. काहीच वाटले नाही. पुन्हा जुळवून देते, असे मी पुटपुटले. तिने नकारार्थी मान हलवली.

"टेप परत दे. आणि माझं नाव काढ."

पुढच्या आठवड्यात ती वर्गाला आली नाही. फिल्म आहे तशीच जाईल, सर म्हणाले. मी श्रेयनामावलीतून तिचे नाव काढले. चित्रणाच्या ओळीपुढे जागा रिकामी राहिली, तेव्हा सरांनी तिथे माझे नाव टाइप केले आणि स्पेलिंग बरोबर आहे का, ते विचारले. मी हो म्हटले.