बर्फावर न गेलेली स्नोमोबाइल

एअर फिल्टर उघडला आणि आतून थर्माकोलचे मणी निघाले. एखाद-दुसरा नाही, चांगले मूठभर.

"इक्बालभाई, हे कुठून आलं?"

ते माझ्या शेजारीच उभे होते. "पॅकिंगचं असेल, मॅडम. पार्ट्स बॉक्समधून येतात ना."

पॅकिंगचा थर्माकोल गाडीखाली किंवा सीटमागे सापडला असता तर मी मान डोलावली असती. पण फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक. तिथे काही अडकायचं असेल तर इंजिन चालू असावं लागतं आणि ती वस्तू आसपास उडत असावी लागते. मी मणी झटकले आणि फिल्टरला नाक लावलं. मासळीचा वास आला.

मी दुबईत, अल क्वोझमधल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन कॅलिब्रेशन करते. हल्लीच्या इंजिनात एक छोटा कम्प्युटर असतो. किती हवेला किती पेट्रोल द्यायचं हे तो ठरवतो, आणि ते त्याला शिकवायचं काम माझं. या शिकवणीला आम्ही मॅप म्हणतो. पुण्यात हेच काम स्कूटरवर करत होते. इथे लोक वाळूत पळवायच्या जीप आणि बग्ग्या घेऊन येतात. स्नोमोबाइल कधी कोणी आणली नव्हती.

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे दोन स्की, मागे चाकाऐवजी रुंद रबरी पट्टा. ही बाजारातली नव्हती. इक्बाल परकार मूळचे हर्णैचे, इथे फ्रोझन मासळीचा धंदा. अल बर्शातल्या त्यांच्या व्हिलाच्या गॅरेजमध्ये त्यांनी आणि त्यांच्या मुलीने, सनाने, ती स्वतः बांधली होती. पातळ पोलादी नळ्यांचा सांगाडा, कार्बन फायबरचं बॉनेट, मोटरसायकलचं छोटं इंजिन आणि त्यावर टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो आत जास्तीची हवा कोंबतो. उंच डोंगरावर हवा विरळ, तिथे छोट्या इंजिनाला धाप लागते. म्हणून टर्बो. हिशेब बरोबर होता आणि वेल्डिंग तर पाहत राहावं असं. सना मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती, वेल्डिंग तिचंच.

आमचा मॅनेजर जॉर्ज लेबनॉनचा. गाडी आली त्या दिवशीच त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"दुबईत स्नोमोबाइल कोण बनवतं? इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस माझ्याकडे येतील."

मी इंजिन नंबर आयातीच्या कागदांशी ताडून पाहिला. सगळं स्वच्छ. जॉर्ज म्हणाला, "खलास, मिटलं. मग काम कर."

काम होतं कोल्ड स्टार्टचं. इक्बालभाई म्हणाले, "मागच्या महिन्यात जॉर्जियाला नेऊन बर्फावर चालवली. पण कडक थंडीत लवकर स्टार्ट होत नाही, आणि झाली की बंद पडते. तेवढं करून द्या."

मी गाडी लिफ्टवर घेतली आणि खालून पाहिली. नवीन टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. रस्त्यावर थोडं चाललं की ते झडतात. या गाडीच्या पट्ट्यावर ते केस जसेच्या तसे होते. स्कीच्या तळाला एक ओरखडा नव्हता. ही गाडी बर्फावर सोडा, जमिनीवरही धावलेली नव्हती.

मग माणूस खोटं का बोलतोय?

आमच्या धंद्यात गाडी कुठे होती याबद्दल लोक खोटं बोलतात तेव्हा त्यामागे सहसा कस्टम्स असतं किंवा इन्शुरन्स. माझ्या डोक्यात तिसरंच आलं. पोकळ नळ्यांचा सांगाडा, परदेशी पाठवायची गाडी, मासळीचे कंटेनर. नळ्यांत काही भरलं असेल तर? खोटं कशाला बोलू, मी स्पॅनर घेऊन एकेक नळी वाजवून पाहिली. मग गाडी काट्यावर चढवली. इक्बालभाईंनी वजन जेवढं सांगितलं होतं तेवढंच भरलं. आत काही नव्हतं. तरीही संशय जाईना.

दुसऱ्या दिवशी सना लॅपटॉपची केबल न्यायला आली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ही पोरगी पांढरीफटक. कपाळ धरून स्टुलावर बसली.

"बरं नाही का?"

"आय ॲम फाइन, आंटी. जस्ट अ हेडेक. इट्स द कोल्ड."

"कसली थंडी?"

तिने वडिलांकडे पाहिलं. इक्बालभाई घाईने म्हणाले, "तिला एसी सोसत नाही."

"उलटीसारखं होतं का गं?"

"सम्टाइम्स. इट गोज अवे वन्स आय कम आउट."

"कुठून बाहेर?"

इक्बालभाईंनी केबल उचलली. "चल बेटा, उशीर होतोय. मॅडम, गाडी उद्या सकाळी नेतो, इन्शाल्ला."

ते गेले आणि मला सगळं एका ओळीत दिसायला लागलं. मासळीचा वास. थर्माकोल, कारण मासळीच्या पेट्या थर्माकोलच्याच असतात. कडक थंडीतलं स्टार्टिंग. बाहेर आलं की थांबणारी डोकेदुखी. दुबईत मासळीच्या व्यापाऱ्याकडे उणे तापमान कुठे असतं? कोल्ड स्टोरेजमध्ये. हे दोघं बंद खोलीत इंजिन चालवत होते.

हे किती वाईट आहे ते सांगते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. माणसाला फक्त डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप येते. गार इंजिन स्टार्ट व्हायला जास्त पेट्रोल लागतं. ते नीट जळत नाही, आणि तेव्हाच हा गॅस सगळ्यात जास्त निघतो. रस्त्यावरच्या कारमध्ये धूर साफ करणारी जाळी असते. यांनी वजन वाचवायला ती बसवलीच नव्हती.

मी लगेच फोन लावला. "इक्बालभाई, तुम्ही ही गाडी कोल्ड रूममध्ये चालवता का?"

ते म्हणाले, "तुम्ही गाडीकडे बघा, मॅडम. माझ्याकडे नका बघू."

"बंद जागेत धूर—"

"मी जहाजावर इंजिन रूममध्ये वर्षं काढलीत. धुराचं मला शिकवू नका. आणि कोल्ड रूम वगैरे काही नाही." फोन बंद.

सकाळी मी येण्याआधीच गाडी गेली होती. मी जॉर्जला सगळं सांगितलं. तो कॉफी ढवळत होता.

"त्याने नाही म्हटलं ना?"

"खोटं बोलतोय."

"कस्टमर आहे, खोटं बोलणारच. मॅप दिला, आपलं काम संपलं. यल्ला, चल, बाहेर बग्गी थांबलीय."

मी बग्गीपर्यंत गेले. बॉनेट उघडलं. कामात मन लागेना. इक्बालभाईंना फोन लावला, उचलला नाही. सनाचा नंबर लावला. तिने उचलला. मागे इंजिनाचा आवाज होता आणि तो घुमत होता, भिंतींवर आपटून परत येत होता.

"सना, कुठे आहेस?"

"आंटी… अब्बा इज सिटिंग. ही इज टायर्ड." शब्द ओढत ओढत येत होते, झोपेतून उठवल्यासारखे.

"सना, इंजिन बंद कर. बाहेर जा. आत्ता!"

"यॅ… वन मिनिट." मग नुसता इंजिनाचा आवाज.

त्यांच्या पिकअपच्या दारावर धंद्याचं नाव आणि रास अल खोरच्या गोदामाचा पत्ता रंगवलेला मी पाहिला होता. ॲम्ब्युलन्सला फोन करून पत्ता दिला. वर्कशॉपमध्ये गॅस मोजायचा एक छोटा मीटर असतो, खिशाला अडकवायचा, तो घेतला आणि निघाले. जॉर्ज मागून ओरडला, मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच धावत येऊन गाडीत बसला.

गोदामाच्या दारात वॉचमन होता. "सेठ अंदर हैं. बोला है दरवाज़ा नहीं खोलना, ठंड निकल जाएगी."

"खोलो!"

"मैडम, मेरी नौकरी—"

जॉर्जने त्याला बाजूला सारलं आणि आत धावला. कोल्ड रूमच्या जाड दारापाशी पोहोचलो तेव्हाच खिशातला मीटर किंचाळायला लागला. दाराबाहेर! जॉर्जने हँडल ओढलं. पांढरं धुकं बाहेर लोटलं. आत गाडी स्टँडवर चढवलेली, पट्टा हवेत फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने थर्माकोलचे मणी खोलीभर उडत होते. सना गाडीच्या बाजूला गुडघ्यांवर. लॅपटॉप समोर, बोटं कळफलकावर, पण दाबत काहीच नव्हती. इक्बालभाई पेट्यांवर एका कुशीला कलंडलेले, ओठ उघडे.

मी श्वास कोंडून आत शिरले आणि हँडलवरची लाल दोरी ओढली. ती ओढली की इंजिन मरतं. सनाला बगलेत धरून ओढलं. जॉर्ज आणि वॉचमनने इक्बालभाईंना खांद्यापायांना धरून बाहेर आणलं, माल चढवायच्या रिकाम्या धक्क्यावर, उन्हात. सना ओकली. ती शुद्धीत होती म्हणून मला बरं वाटलं. इक्बालभाई काहीच करत नव्हते. वॉचमन त्यांचे गाल थोपटत "सेठ, सेठ" म्हणत रडत होता. जॉर्ज त्यांच्या छातीवर कान ठेवून म्हणाला, "चालू आहे." ॲम्ब्युलन्स आली आणि त्यांच्या तोंडावर ऑक्सिजन चढला तेव्हा कुठे मी खिशातला मीटर बंद केला.

दोघंही वाचले. सना लवकर घरी गेली. इक्बालभाई बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी रुखसानाभाभी उशाशी बसल्या होत्या, नवऱ्याकडे पाठ करून.

मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"कोल्ड रूम माझी एकट्याची नाही, ताई. हिचा भाऊ पार्टनर आहे. खाण्याच्या मालाच्या जागेत इंजिन? त्याने मला दारात उभं केलं नसतं." मॅडमची ताई कधी झाली ते मला कळलं नाही. "आणि पंखा चालू होता. मला वाटलं, हवा खेळती आहे."

"कोल्ड रूमचा पंखा बाहेरची हवा आत घेत नाही, इक्बालभाई. आतलीच गोल फिरवतो. नाहीतर थंडावा राहील कसा?"

ते छताकडे बघत म्हणाले, "जहाजावर ब्लोअर असायचे. ते बाहेरची घ्यायचे."

"पण ही गाडी मुळात हवी कशाला होती?"

उत्तर भाभींनी दिलं. "दोन हिवाळ्यांमागे जॉर्जियाला फिरायला गेलो होतो. सना भाड्याच्या स्नोमोबाइलवरून पडली आणि ती गाडी तिच्या पायावर. हे ओढतायत, मी ओढतेय, गाडी हलेना. माणसं येईपर्यंत पोरगी बर्फात ओरडत होती. तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच, एकट्या बापाला उचलता येईल अशी गाडी बनवायची." मग पहिल्यांदाच त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि त्याच पोरीला घेऊन त्या डब्यात बसले."

इक्बालभाईंनी डोळे मिटले.

मेहुण्याने त्या खोलीतला सगळा माल फेकून दिला आणि अजून इक्बालभाईंशी बोलत नाही. कोल्ड स्टार्टचा मॅप मी पुढच्या हिवाळ्यात जॉर्जियात, डोंगरावर, उघड्या आकाशाखाली पूर्ण केला. तिथे लॅपटॉप घेऊन बसायच्या आधी मी आजूबाजूला पाहून घेतलं. भिंत कुठेच नव्हती, तरी मीटर खिशाला लावला. इंजिन स्टार्ट झालं, चालू राहिलं. सनाने गाडी मऊ बर्फात मुद्दाम आडवी केली, खाली उतरली, आणि वडील धावत येईपर्यंत एकटीने ती उभी केली.

एवढ्यातून मी एकच शिकले. गिऱ्हाइकावर संशय घ्यायला काही कौशल्य लागत नाही. संशय आला की जाऊन बघायला लागतं. आता प्रत्येक नव्या माणसाला मी आधी विचारते, गाडी चालवून कुठे बघता? उत्तर गुळमुळीत आलं तर मीटर घेऊन जाते. जॉर्ज म्हणतो यात फार वेळ जातो. जातोच.