तुरटपणाची नोकरी

माझं माहेर तळेघरचं आणि सासर निमगाव सावाचं. तळेघरला भात, नाचणी आणि हिरडा. उन्हाळ्यात घरातली सगळी माणसं बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायला रानात जायची. अंगणात तो वाळत घातलेला असायचा आणि येता-जाता त्यातला एखादा दाताखाली धरायची मला सवय होती. तोंड आवळून यायचं, जीभ खरखरीत व्हायची, आणि तरी मी दुसरा उचलायची. आई म्हणायची, या पोरीला गोड आवडत नाही, हिला तुरट आवडतं.

घोडेगावला शाळा आणि मंचरला कॉलेज करून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. दोन वर्षं एका दूध डेअरीत फॅट तपासण्याचं काम केलं. मग लग्न झालं. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. निमगाव सावाला आल्यावर घरचं, शेतातलं काम होतंच, पण हातातली ब्युरेट सुटल्याची रुखरुख मला वाटायची. नवऱ्याला ते कळत होतं. एक दिवस तो शाळेतून आला आणि म्हणाला, टेकाडावर जे नवीन द्राक्ष लावलंय ना, त्या मालकाला प्रयोगशाळेत बाई पाहिजे आहे.

हे मालक आमच्याच भागातले, जुने बागाईतदार. सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांची हिरवी द्राक्षं परदेशी जायची. पण नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांनी एक गोष्ट केली आणि गाव चक्रावलं. काळ्या रानातला चांगला पिकता बाग भावाच्या हवाली केला आणि स्वतः मुरमाड टेकाडाची पाच एकरं घेऊन त्यावर काळी, बारीक मण्यांची द्राक्षं लावली. तिथं बाजरीसुद्धा धड यायची नाही.

मी भेटायला गेले तेव्हा ते ठिबकची नळी दुरुस्त करत बसले होते. माझी सर्टिफिकेटं त्यांनी पाहिलीच नाहीत. एक मणी तोडून हातावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, दहा वर्षं मी मणी फुगवला. औषधात घड बुचकळायचे, पाणी द्यायचं, मण्याला कडी लावून जाडीचं माप घ्यायचं. याच्यात उलटं आहे. रंग, चव, सगळं सालीत असतं. मणी जितका बारका, तितकी साल जास्त. मला मोठं काही करायचं नाही आता."

मग त्यांनी मला बाग फिरवून दाखवला आणि चालता चालता आपलं ठरलेलं सांगितलं. लाल वाइनच करायची, दुसरी नाही. आपल्या टेकाडाचीच द्राक्षं वापरायची, बाहेरून एक पाटीसुद्धा आणायची नाही. वरून साखर घालायची नाही. आणि पिंपात जितके दिवस लागतील तितके राहू द्यायचं. मला त्यातलं निम्मं कळलं. पण साखर आणि आम्ल मोजायचं काम मला येत होतं, आणि मी हो म्हणाले.

घरी मात्र मी सगळं सांगितलं नाही. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, एवढंच सांगितलं की द्राक्षाची प्रयोगशाळा आहे. त्याला कारण होतं. मी लग्न होऊन येण्याच्या आधी ओढ्याकाठी हातभट्टी चालायची. आत्यांनी आणि आणखी पाच-सहा बायकांनी ती बंद पाडली होती. भाकरी बांधून घेऊन त्या रोज भट्टीसमोर जाऊन बसायच्या, महिनाभर बसल्या. पिणाऱ्यांना आई-बहिणींच्या पुढ्यातून जावं लागायचं. शेवटी भट्टीवाल्यानंच गाशा गुंडाळला. अशा बाईच्या सुनेनं वाइन करायला जायचं, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

ते चार महिन्यांनी आपोआप कळलं. परदेशातून ओकच्या लाकडाची पिंपं आली. कंटेनर आळेफाट्याच्या पुढं गावाच्या रस्त्याला वळेना, म्हणून पिंपं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. सगळं गाव रस्त्यावर येऊन बघत होतं. कुणीतरी आत्यांना सांगितलं की हे दारूचं आहे, आणि तुझी सून तिथंच कामाला आहे.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा त्यांनी पायात चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाल्या.  टेकाडावर दादा पिंपं धुवून घेत होते. आत्या सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही दारूच ना?" त्यांनी विचारलं.

"दारूच म्हणायची, मावशी," दादा म्हणाले. "द्राक्षाची आहे, पण चढते."

"मग हिच्यानं कुणाचं घर मोडणार न्हाई, हे लिहून देता का?"

दादांनी हातातली नळी खाली ठेवली. मला वाटलं, आता ते वाइन कशी वेगळी, हृदयाला कशी चांगली, असलं काही सांगतील. पाहुण्यांना ते सांगायचे. पण ते म्हणाले, "नाय, ते लिहून देता येणार नाय. तेवढं माझ्या हातात नाय. पण आपल्या गावात विकणार नाय, आणि कामावरच्या माणसाला देणार नाय, हे देतो."

 आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खोटं बोलत न्हाई मानूस. कर काम. पण घरात लपवून ठिवू नगं काई."

दादांनी खरंच कागदावर लिहून दिलं, आणि आत्यांनी तो कागद माझ्या नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतला. माझ्यावरचा राग जायला मात्र आठवडा लागला.

पुढच्या हंगामात मण्यांत पाणी उतरायच्या, म्हणजे ते मऊ पडू लागायच्या, सुमाराला त्या स्वतःच विरळणीच्या कामावर आल्या, आपल्या मैत्रिणींना घेऊन. एका वेलावर जेवढे घड लागतात त्यातले निम्मे कापून टाकायचे, असं दादांनी सांगितलं होतं. हिरवेगार घड जमिनीवर पडताना बघून त्या बायकांना गलबलून आलं. आत्यांनी कात्री थांबवून विचारलं, ही नासाडी कशापायी. दादा म्हणाले, वेलाची ताकद तेवढीच आहे, ती थोड्या घडांना मिळू द्या. आत्यांना ते पटलं असावं, कारण दुपारनंतर त्याच दुसऱ्या बायकांना समजावून सांगत होत्या. पण घड मातीत मिळू देणं त्यांना जमलं नाही. टोपलीभर आंबट मणी त्यांनी घरी आणले आणि मोहरी लावून लोणचं घातलं. मग दरवर्षीच घालायच्या.

माझं काम तोवर आकड्यांपुरतं होतं. मणी चिरडायचे, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये साखर बघायची, आम्ल काढायचं, वहीत लिहायचं. दर हंगामाला बाहेरदेशाहून एक तज्ज्ञ यायचे, ते आकडे बघून काढणीचा दिवस ठरवायचे. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ते लवकर परत गेले आणि जाताना सांगून गेले की साखर अमुक झाली की तोडा. साखर तेवढी झाली. मजूर ठरले, क्रेट धुवून ठेवले. आदल्या दिवशी सकाळी मी ओळींमधून नमुने गोळा करत होते आणि सवयीनं एक मणी तोंडात टाकून बी चावली.

ती चव मला लहानपणापासून ओळखीची होती. कोवळ्या हिरड्याची. ओली, हिरवी, घशाला धरणारी. पिकलेला तुरटपणा वेगळा असतो, तो जिभेवर कोरडा बसतो आणि निघून जातो. मी दहा-बारा वेलांच्या बिया चावल्या. सगळ्या हिरव्या.

मी दादांना जाऊन सांगितलं की आकडे बरोबर आहेत, पण बी कच्ची आहे, आठ दिवस थांबा.  ते बागेत गेले, बिया चावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले ते मजुरांना नको म्हणून सांगूनच.

ते आठ दिवस मला नीट झोप लागली नाही. चौथ्या दिवशी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस झाला असता तर सगळा माल कुजला असता, आणि तो माझ्या शब्दावर वेलावर राहिलेला होता. दादा बांधावर येऊन उभे राहिले, मीही राहिले. चार थेंब पडले, धूळ बसली आणि आभाळ घोड नदीच्या बाजूला सरकलं. दादा एवढंच म्हणाले, "चला, कामाला लागा." नवव्या दिवशी आम्ही काढणी केली. तेव्हा बिया तपकिरी झाल्या होत्या आणि दाताखाली करकर वाजत होत्या.

ती वाइन पिंपात बसल्यावर दादांनी मला विचारलं, नुसती द्राक्षंच किती दिवस चाखणार, आता वाइनही चाखा. गिळायची नाही, तोंडात फिरवून थुंकायची. मी म्हणाले, घरी विचारते. नवरा म्हणाला, आईला विचार. भाकऱ्या थापता थापता आत्यांनी ऐकून घेतलं.

"थुंकायचीच ना?" त्या म्हणाल्या. "जलमभर मशेरी लावून थुंकतोच की आमी. थुंकायला काय व्हतंय."

अशी मी तिथली चाखणारी झाले. रोज सकाळी, तोंडात काही तिखट-तेलकट जायच्या आत, एकेका पिंपातून काचेच्या नळीनं काढून चाखायचं, थुंकायचं आणि वहीत लिहायचं. मला इंग्रजी शब्द येत नव्हते, म्हणून मी आपले शब्द लिहायची. जांभळाची साल. ओला चुना. जुन्या पेटीचं लाकूड. पिकलेलं करवंद, देठाकडून. दादा वही वाचायचे, कधी हसायचे, पण एकही शब्द त्यांनी बदलला नाही.

सगळी वर्षं चांगली गेली नाहीत. एका हिवाळ्यात थंडी पडलीच नाही, आणि द्राक्षं घाईनं पिकली. ती वाइन दीड वर्ष पिंपात राहूनही पातळच होती. मी तसं लिहिलं. दादांनी स्वतः चाखली, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली, आणि ठरवलं की त्या वर्षी टेकाडाच्या नावाची बाटली भरायची नाही. त्यांच्या भावानं समजावलं, गिऱ्हाइकाला काय कळतंय. दादा म्हणाले, मला कळतंय ना. मला वाटत होतं की ते माझ्यावर चिडतील. पण ते छाटणीची कात्री घेऊन बागेत गेले आणि संध्याकाळी मला विचारलं की पुढच्या वर्षी वरच्या ओळींना पाणी कमी करावं का. आम्ही त्यावर अंधार पडेपर्यंत बोलत बसलो.

नव्या शतकाची पाच-सहा वर्षं झाली तेव्हा मुंबईच्या एका हॉटेलातले लोक वाइन बघायला आले. चांगले कपडे केलेली तीन माणसं. त्यांनी ग्लास फिरवले, वास घेतला आणि दादांना विचारलं की याच्या चवीचं वर्णन काय करता. दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं.  मी इंग्रजीत जुळवायला लागले तसं दादा म्हणाले, "ताई, वहीतलं सांगा."

मग मी मराठीत सांगितलं. आधी जांभूळ, पिकून फुटायला आलेलं. मग मिरी, कुटलेली नाही, अख्खी चावलेली. शेवटी उन्हात तापलेल्या मुरमाचा वास. आणि तोंड कोरडं होतं पण आवळून येत नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला की मुरूम आहे खरा. त्यानं खिशातून कागद काढून ते सगळं मराठीतच लिहून घेतलं. स्पेलिंग विचारत नव्हता, काना-मात्रा विचारत होता. तो मूळचा साताऱ्याकडचा निघाला.

पुढच्या वर्षीच्या बाटलीवर मागच्या बाजूला इंग्रजीखाली माझी ती चार वाक्यं छापली गेली. छापायच्या आधी दादांनी विचारलं होतं, खाली तुमचं नाव घालू का. मी नको म्हणाले. आमची मुलं शाळेत होती, नवऱ्याची नोकरी होती, आणि गावात उगाच चर्चा नको होती. पण पहिली रिकामी बाटली मी धुवून घरी नेली. मधल्या वर्षांत नातवंडांच्या पाटीवर अक्षरं शिकलेल्या आत्यांनी चष्मा लावून, एकेका अक्षरावर बोट ठेवत ती चारही वाक्यं वाचली आणि विचारलं, मिरी खरंच लागते का. मी म्हणाले, लागते. त्यांनी बाटलीत पाणी भरलं आणि खिडकीत मनीप्लँट लावायला ठेवली.