जिंतूरच्या वाटेवरचा नाला आणि हवेचं लॉक

पुण्याहून येऊन सेलू स्टेशनवर उतरले तेव्हा दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जीप घेऊन उभे होते. ते गुरांचे डॉक्टर. पावसाळ्यात काळ्या मातीत जीप रुतायची, म्हणून आखातातल्या मित्राकडून त्यांनी हवेवर चालणारं लॉक मागवून मागच्या ॲक्सलमध्ये नुकतंच बसवलं होतं. एक चाक जागीच गरगरू लागलं की बटण दाबायचं. कॉम्प्रेसरची हवा बारीक नळीतून आत जाते आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात.

संध्याकाळी जीप जॅकवर चढवून पाहिली. मी एक चाक हातानं फिरवलं, दुसरंही तसंच फिरलं. नळी कुठं खोचलीय, तेही दाजींनी मला वाकून दाखवलं.

"आता चिखलात बघू," ते म्हणाले.

सकाळी जिंतूरच्या रस्त्याला लागलो. ताईनं दिलेले धपाटे जीपमध्येच खाल्ले. दोन्हीकडं कापूस भिजून उभा होता. डांबरी सोडून गाडीवाटेनं नाल्यावर आलो, तर काठावर म्हशी राखणारे सोपानराव हात हलवत पुढं आले.

"डाक्टर, उतरू नका. वरलीकडं लय पाऊस झालाय."

"उलीसं (थोडंसं) तर पाणी हाय," दाजी हसले आणि जीप घातली.

मधोमध डावं चाक रुतलं, उजवं चिखल उडवत नुसतं फिरू लागलं. दाजींनी बटण दाबलं. कॉम्प्रेसर सुरू झाला, पण थांबेचना. हवा कुठंतरी गळत होती.

"नळी निसटली," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येईना. पाणी गढूळ होऊन चढू लागलं होतं. जीपखाली त्यांचं अंग मावणार नव्हतं. मी उतरले.

सोपानराव पाण्यात धावत आले. "ताई, मी पाय धरतो. हिसका द्या, ओढून काढतो."

मी पाठीवर झोपून आत सरकले. पाणी कानात गेलं. वर इंजिन धडधडत होतं. जीप तसूभर जरी खचली असती, तर छातीवरच आली असती. नळी हाताला लागली, पण चिखलानं इतकी बुळबुळीत झाली होती की टोक भोकात जाईना. पाणी हनुवटीला लागलं. मी ओरडले असेन. काय ओरडले ते मला आजही आठवत नाही. तिसऱ्यांदा टोक आत बसलं. मी पाय झटकला आणि सोपानरावांनी मला फरफटत बाहेर काढलं.

दाजींनी पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरला आणि थांबला. हवा धरली होती. दोन्ही चाकं एकदम फिरली, जीप हिसके देत पलीकडच्या काठावर चढली आणि सोपानराव नि मी तिला धरूनच वर आलो. आम्ही मागं वळून पाहतोय तोवर नाल्यातून बाभळीचं अख्खं झाड वाहत गेलं.

"आता ह्या वाटेनं माघारी जायचं न्हाई," सोपानराव एवढंच बोलले.

आम्ही लांबच्या डांबरी रस्त्यानं परतलो. ताईनं विचारलं, "कसं झालं?"

"लॉक बसलं," दाजी म्हणाले आणि ओसरीवर जाऊन पाठमोरे बसले. रात्री जेवलेच नाहीत.

पुण्यात लोक विचारतात, मराठवाड्यात काय पाहिलं? मी कापूस सांगते, धपाटे सांगते. अंगावर जीप आणि कानात पाणी घेऊन पाहिलेला तो अंधार मात्र मला अजून कुणाला सांगता आलेला नाही.