काकांचा मऊ आवाज

आमचे काका फौजेत होते तेव्हा डोंगरावर तारा ओढायचे आणि वायरलेस सांभाळायचे. निवृत्त होऊन घरी आले आणि काकूचे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे करायला लागले, तेव्हा काकूनेच त्यांना नेटवर्किंगच्या कोर्सला पिटाळलं. परीक्षा पहिल्या फटक्यात पास. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत नोकरीही लागली. राउटर त्यांना वचकून असायचे. पंचाईत अशी, की गिऱ्हाइकंही वचकायची.

"वायर लागली आहे? हो की नाही! लांबण नको!" असं फोनवर विचारल्यावर एका बाईंनी तक्रार केली. मग आणखी दोघांनी. साहेब वयाने काकांच्या पोरासारखा. तो नाकातून म्हणाला, "काका, काम तुमचं ए-वन आहे हो. पण अजून एक तक्रार आली ना, तर तुम्हाला कायम करणं माझ्या हातात नाही राहणार."

काकांचा चेहरा पडला. काकूने त्याच संध्याकाळी शिकवणी लावली.

"म्हणा, 'आपण जरा बघता का?'"

"आपण जरा बघता का!"

"अहो, शेजारचे खिडकीत आले. मऊ बोला. लग्नाआधी माझ्याशी बोलायचात तसं."

"तेव्हा मी बोलतच नव्हतो."

"तेच तर म्हणतेय!"

आठवडाभरात काकांचा आवाज असा झाला, की वाटावं, सर्दी झालेलं कबूतर घुमतंय.

रविवारी त्यांची घरून ड्यूटी होती, आणि मीही तिथेच. फोन आला दातांच्या डॉक्टरांचा, काकांनी तो स्पीकरवर घेतला. दवाखान्यातलं नेट बंद, एक्स-रे पडद्यावर येईना, आणि पेशंट खुर्चीत तोंड वासून. डॉक्टर म्हणजे उतू जाणारं दूध. "अहो, काहीच चालत नाही, काय करू, हे काढू का?"

"डॉक्टरसाहेब," काका घुमले, "राउटरच्या मागे निळी वायर दिसेल, ती आपण—"

"काढली!"

"—हात न लावता फक्त बघायची होती. असू दे. तिच्या शेजारची पिवळी—"

"तीपण काढली! अहो, आता राउटरचे सगळेच दिवे गेले!"

मागून पेशंटचं "आंऽऽ आंऽऽ" चालूच. काकू हातानं खुणावतेय, मऊ, मऊ. काकांच्या कपाळाची शीर टरारली. ते उठले, खुर्ची मागे आपटली.

"सावधान!"

पलीकडे चिडीचूप. "आंऽऽ"सुद्धा थांबलं. काकूने डोळे मिटून घेतले.

"आधी मी वायर सांगणार. मग थांबणार. हुकूम मिळाल्याशिवाय बोट हलवायचं नाही! पिवळी वायर…" काका असे थांबले, की मीही श्वास रोखून धरला. "…लाव!"

"लावली!"

"निळी वायर… लाव! राउटरचं बटण… दाब!"

थोड्या वेळाने पलीकडून हर्षाची किंकाळी. "आलं! दाढ दिसली!"

"विश्राम!" काका गरजले. आणि मग त्यांना आठवलं. मटकन खाली बसले. "गेली नोकरी."

सोमवारी सकाळीच साहेबाचा फोन. काका ताठ उभे, काकूने टेबलाची कड घट्ट धरलेली.

"काका, डॉक्टरांचा फोन आला होता."

"होय, साहेब."

"म्हणतात, यापुढे आमचा फोन त्या ओरडणाऱ्या गृहस्थांनाच द्या, बाकीच्यांचं बोलणं संपेपर्यंत आम्हाला धीर नसतो. त्या पेशंटचं दुकान आहे, त्यालाही आपलंच कनेक्शन हवंय. तुम्ही कायम झालात. फक्त ऑफिसात दार लावून बोलत जा हो."

फोन ठेवला तरी काका तसेच ताठ. आनंदाने बसायचंच विसरले. समोर चहा निवत होता. काकूने एकदा कपाकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"चहाचा कप…"

काकांचा हात हवेतच थांबला.

"…उचल!"