माझ्याशी बोला

आईबाबा परदेशात आले तेव्हा दादा सहा वर्षांचा होता आणि मी आईच्या पोटात. दादा शाळेत गेला आणि वर्षभरात तिथली भाषा घडाघडा बोलू लागला. तेव्हापासून घरमालक, डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळे आईला ओलांडून त्याच्याशीच बोलायचे. आई शेजारी उभी असायची, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर कसनुसं हसू. त्या हसण्याची मला फार चीड यायची.

खरं तर आईला शिकायची हौस दांडगी. लग्नामुळे कॉलेज अर्धवट सुटलेलं. इथे ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि घरी आली की दादाची पुस्तकं चाळत बसायची. भाषेच्या वर्गाचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "पोरगा आहे ना बोलायला. तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

दादा कॉलेजात जायच्या सुमारास बाबांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. कामापुरती भाषा कळणारे बाबा मान खाली घालून ऐकत होते.

"आतड्याला सूज आहे," घरी आल्यावर दादानं आईला सांगितलं. "गोळ्यांनी उतरेल."

काही महिन्यांतच बाबा गेले.

त्यांचं सामान आणायला आम्ही वॉर्डात गेलो. नर्सनं आईचा हात हातात घेतला आणि ती काहीतरी बोलत राहिली.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"काही नाही. वाईट वाटलं म्हणाली."

"तेवढं बोलायला इतका वेळ लागत नाही."

दादाचा बांध फुटला. नर्स म्हणाली होती, सगळं आधीपासून माहीत असून तुम्ही किती धीरानं घेतलंत. बाबांनी पहिल्याच दिवशी दादाला शपथ घातली होती: आईला कळू देऊ नकोस, तिला झेपणार नाही.

आई रडली नाही. घरी येऊन तिनं बाबांचे शर्ट कपाटातून ओढून जमिनीवर फेकले. "परक्या मुलखात संसार मांडला, ते झेपलं. दिवसभर वाफेत उभं राहून दोन पोरं वाढवली, ते झेपलं. आणि स्वतःच्या नवऱ्याचं मरण तेवढं झेपणार नव्हतं?" मग दादाकडे वळून म्हणाली, "आजपासून माझ्या वतीनं एक शब्द बोलायचा नाही."

त्याच आठवड्यात ती वाचनालयातल्या भाषेच्या वर्गात जाऊन बसली. शिकवणाऱ्या बाई बाजारहाटापासून सुरुवात करणार होत्या. आईनं खाणाखुणा करून स्वतःचं पहिलं वाक्य मागून घेतलं: माझ्याशी बोला. घरमालक नळाच्या तक्रारीवर दादाकडे बघून उत्तर द्यायला लागला, तेव्हा त्याची मान वळेपर्यंत ती तेच वाक्य म्हणत राहिली.

भाषेनंतर शाळेची परीक्षा, मग जीवशास्त्र. बाबांच्या पोटात नेमकं काय झालं होतं, ते तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती माझी भूमिती स्वतः शिकायची, जेवणं झाली की मला शिकवायची. "समजलं नाही तर नाही म्हण," ती दरडावायची. "उगाच मान डोलावलीस तर याद राख." पुढे त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायला लागली.

आता ती निवृत्त झाली आहे आणि भौतिकशास्त्राच्या वर्गाला जाते. दादा रविवारी येतो, ती त्याच्या आवडीचं करून वाढते. परवा जेवताना तो म्हणाला, "आई, आता तरी बाबांना माफ कर. तुझ्या काळजीपोटीच केलं त्यांनी."

"काळजी होती तर मला शेजारी बसवायचं होतं," आई म्हणाली. "शेवटचे ते महिने मी सूज उतरायची वाट बघत पेज करत बसले. मला त्यांच्याशी बोलायचं होतं रे. भांडायचं होतं. तेही तुम्ही दोघांनी परस्पर संपवून टाकलंत."

आईनं दादाला आणखी एक पोळी वाढली. तिचा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मलाही वाटत नाही.